थाई बेसिल घरी लावणं आणि रांधणं : इंदूरकरांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालच्या सगळ्या तारखा आणि पाण्याचे अंदाज इंदूरच्या हवेला धरून दिले आहेत. महू, देवास, उज्जैनला ते थोड्याफार फरकाने तसेच लागू पडतात.

थाई बेसिल म्हणजे आपली तुळसच ना?

नाही. चुलत बहीण म्हणा फार तर. आपल्या अंगणातली तुळस म्हणजे ऑसिमम टेन्युइफ्लोरम. थाई बेसिल म्हणजे ऑसिमम बॅसिलिकम. फालुद्यातला सब्जा आणि पिझ्झ्यावरचं इटालियन बेसिल हेही याच जातीतले. थायलंडमध्ये याला होराफा म्हणतात.

ओळखायला सोपं आहे. दांडा चौकोनी आणि जांभळट, पान निमुळतं, कडा किंचित दातेरी, मंजिरी गडद जांभळी. तुळशीच्या दांड्यावर बारीक लव असते. इथे पान गुळगुळीत आणि चकचकीत. इटालियन बेसिलचं पान चमच्यासारखं फुगीर असतं, याचं सपाट. खरी परीक्षा मात्र नाकाची. पान चुरगळून हुंगा: लवंगेसारखा तिखट वास आला तर तुळस, बडीशेपेसारखा गोडसर आला तर थाई बेसिल. लवंगेचा वास युजेनॉलमुळे येतो, बडीशेपेचा एस्ट्रागोलमुळे. नर्सरीत कुंडीला टोचलेल्या पाटीवर विसंबू नका, एक पान चुरगळून बघूनच रोप घ्या.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण पुढच्या निम्म्या प्रश्नांचं उत्तर तीच आहे. मराठी घरात हे झाड वाया जातं ते बहुतेक वेळा तुळशीसारखं वागवल्यामुळे. तुळशीला आपण जपून, एकेक पान खुडतो. थाई बेसिल ही भाजी आहे. मेथी-कोथिंबिरीसारखी कापली तरच वाढते.

मग वृंदावनात लावली तर? द्वादशीला तोडायची नाही का?

द्वादशीचा नियम तुळशीचा. थाई बेसिलला तो लागू करायचा की नाही, हे घरातल्या मोठ्यांना विचारून ठरवा. झाडाला काही फरक पडत नाही. वृंदावनात मात्र लावू नका, आणि कारण धार्मिक नाही. थाई बेसिलला तुळशीपेक्षा जास्त पाणी आणि खत लागतं. दोघी एका मातीत असल्या की कोणाची तरी आबाळ होते, आणि घाईत कढईत भलतंच पान जातं.

सियागंजच्या बाजारातून आणलेला सब्जा पेरला तर थाई बेसिल येईल का?

बी जुनं नसेल तर उगवेल. जात तीच आहे, वाण कोणता निघेल याची खात्री नाही. सब्ज्याचं झाड सहसा हिरव्या दांड्याचं आणि पांढरट फुलांचं येतं. वास कधी लिंबासारखा, कधी लवंगेकडे झुकणारा, कधी नुसताच गवताळ. चटणीला चालेल. थाई हिरव्या करीत जो वास हवा असतो तो मिळेलच असं नाही. थाई बेसिलचं बी पाकिटावर नाव बघून घ्या, नाहीतर काडी लावा.

काडी लावून येते का?

फार छान येते, आणि बियांपेक्षा महिनाभर लवकर हाती लागते. थाई भाज्यांबरोबर विकायला आलेली जुडी मिळाली तर तिच्यातली मंजिरी न आलेली, कोवळी पण लुसलुशीत नसलेली 10 ते 12 सेंटीमीटरची काडी निवडा. पेराच्या जरा खाली तिरकी कापा. खालच्या दोन पेरांवरची पानं काढून टाका, वर चार-सहा पानं ठेवा. काडी काचेच्या पेल्यात पाण्यात उभी करा. पानं पाण्यात बुडता कामा नयेत, बुडाली की सडून पाणी नासवतात. पेला खिडकीत उजेडात ठेवा, थेट उन्हात नको. पाणी दोन दिवसांनी बदला. सात ते चौदा दिवसांत पांढरी मुळं दिसतात. मुळं दोन-तीन सेंटीमीटर झाली की मातीत लावा. लांबच लांब होईपर्यंत थांबलात तर पाण्याला सोकावलेली मुळं मातीत रुजायला कुरकुर करतात.

जुडी फ्रिजमधून आलेली असेल आणि पानांवर काळे डाग असतील तर काडी बहुधा जगत नाही.

इंदूरला पेरायचं कधी?

सर्वात चांगला काळ 15 फेब्रुवारी ते मार्चअखेर. रात्रीचं तापमान 15 अंशांच्या वर राहायला लागलं की बी पेरा. दुसरी संधी जूनच्या पहिल्या पंधरवड्यात, आडोशाला. म्हणजे पावसाचा जोर सुरू होईपर्यंत रोप चार-सहा पानांचं होऊन तग धरतं. भर जुलैत उघड्यावर पेरलेलं बी सरीच्या माऱ्याने वाहून जातं किंवा कुजतं. सप्टेंबरमध्ये पेरलंत तर दिवाळीपर्यंत चांगली पानं मिळतात.

नोव्हेंबरनंतर पेरू नका. मालव्यात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा 10 अंशांखाली उतरतो आणि हे झाड उष्ण प्रदेशातलं. थंडीने पानं आधी निस्तेज होतात, मग काळी पडतात. लोक त्याला रोग समजून औषध फवारत बसतात. नोव्हेंबरच्या मध्यावर दोन-चार काड्या पाण्यात लावून घरात दक्षिणेच्या खिडकीत ठेवल्या तर झाडाचा वंश फेब्रुवारीपर्यंत टिकतो.

कुंडी केवढी? आणि आपली काळी माती चालते का?

एका रोपाला 10 ते 12 इंची कुंडी. 15 लिटरचा तेलाचा डबा उत्तम चालतो, मात्र तळाला अंगठ्याएवढी चार भोकं पाडा आणि त्यांवर खापराचे तुकडे पालथे ठेवा.

नुसती काळी माती नको. मालव्याची माती कपाशी-सोयाबीनला सोनं आहे, कुंडीत मात्र ती ओली असताना चिखल आणि सुकली की वीट. सुकताना आक्रसते, कुंडीच्या कडेला फट पडते, आणि वरून घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली निघून जातं. वरून माती ओली दिसते, मुळं कोरडीच. थोडी वाळू मिसळून हे सुटत नाही, उलट मिश्रण आणखी घट्ट होतं. प्रमाण असं घ्या: एक घमेलं माती, एक घमेलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळ खत, एक घमेलं भिजवून फुलवलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), अर्धं घमेलं जाड वाळू. मूठभर मिश्रण ओलं करून दाबा: गोळा झाला पाहिजे आणि बोट लावताच सुटला पाहिजे.

ओला कचरा घरी कुजवत असाल तर ते खत जरूर वापरा, पण पूर्ण झालेलंच. वास आंबट असेल किंवा सालं ओळखू येत असतील तर अजून महिनाभर थांबा. अर्धकच्चं खत कुंडीत तापतं आणि कोवळी मुळं भाजतात.

बी पेरलं, पण उगवलंच नाही. काय चुकलं?

बहुतेक वेळा खोल पेरलं जातं. बी मोहरीहूनही लहान. त्याच्यावर फार तर 3 मिलिमीटर कोकोपीटचा थर हवा, चाळणीने भुरभुरलेला. पसरट ट्रेमध्ये किंवा दुधाच्या कापलेल्या पिशवीत मिश्रण भरून आधी पूर्ण ओलं करा, मग दोन-दोन सेंटीमीटरवर एक-एक बी ठेवा, वरून भुरभुरा आणि फवाऱ्याने भिजवा.

पाणी लागताच काही मिनिटांत प्रत्येक बियाभोवती सब्ज्यासारखा निळसर पांढरा बुळबुळीत लेप तयार होतो. तो बी ओलं ठेवायला असतो. बरेच जण बुरशी समजून बी उपसतात किंवा पुन्हा पुन्हा चाळवतात. तसं करू नका. मात्र हा लेप एकदा तयार झाल्यावर वाळला तर आतला कोंब मरतो. म्हणून पहिले आठ दिवस वरचा थर वाळू द्यायचा नाही. ट्रेवर ओलसर वर्तमानपत्र टाका आणि पहिला कोंब दिसताच काढून घ्या.

25 ते 30 अंशांत पाच ते आठ दिवसांत कोंब येतात. पहिली दोन पानं अर्धगोल असतात, ती खरी पानं नव्हेत. खऱ्या पानांच्या दोन जोड्या आल्या की संध्याकाळी कुंडीत हलवा. रोप पानाला धरून उचला, दांड्याला नाही. पान फाटलं तर दुसरं येतं. दांडा चेपला तर रोपच गेलं.

उगवलेली रोपं मातीलगत काळी पडून आडवी होत असतील तर तो बुरशीमुळे होणारा मररोग. कारण: दाट पेरणी, सतत चिखल आणि बंद हवा. आडवी झालेली रोपं वाचत नाहीत. बाकीची विरळ करा, वारा लागू द्या, पाणी वरून न देता ट्रे पाण्यात ठेवून खालून द्या.

ऊन किती? मे महिन्यात पानं करपतात.

रोज पाच-सहा तासांचं ऊन हवं, सकाळचं असेल तर उत्तम. एप्रिलच्या मध्यापासून पाऊस येईपर्यंत दुपारी 12 ते 4 सावली द्या. 50 टक्के ऊन अडवणारी हिरवी जाळी पुरते. गच्चीवर आणखी एक भानगड असते, ती म्हणजे तापलेली फरशी. कुंडी थेट फरशीवर असेल तर मुळं खालून शिजतात. दोन विटांवर ठेवा, खालून वारा जाऊ द्या.

पाण्याचं गणित काय?

बोट दोन पेरं मातीत खुपसा. कोरडं लागलं तर पाणी, ओलं लागलं तर नाही. मे महिन्यात सकाळ-संध्याकाळ लागेल, ऑक्टोबरमध्ये एक दिवसाआड, पावसाळ्यात कित्येक दिवस अजिबात नाही. ज्या कॉलनीत नळ एक दिवसाआड येतो तिथे कुंड्यांसाठी एक बादली राखून ठेवा. आज कोरडं, उद्या दुप्पट असं केलेलं याला सोसत नाही.

दुपारी पानं मान टाकतात आणि संध्याकाळी आपोआप उभी राहतात, ही तहान नव्हे, उन्हाचा ताण. लगेच पाणी ओतू नका. सकाळी सातलाही मान टाकलेली असेल तर बोट घालून बघा. माती कोरडी असेल तर पाणी द्या. माती ओली असून झाड मलूल असेल तर मुळं कुजली आहेत. तेव्हा आणखी पाणी म्हणजे शेवटचा घाव. वरच्या चांगल्या काड्या कापून पेल्यात लावा आणि ते झाड सोडून द्या.

जलूदहून येणारं नर्मदेचं पाणी झाडाला चालतं. बोरिंगचं पाणी बहुधा जड असतं. कुंडीच्या कडेला पांढरी खपली धरायला लागली की समजा क्षार साठले. पावसाळ्यात कुंडी दोन-तीन सरींत भिजू द्या, धुऊन निघते.

नवी पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्या. हा कोणता रोग?

रोग नाही, लोहाची कमतरता. आपली काळी माती अल्कलीकडे झुकलेली, त्यात बोरिंगचं जड पाणी. मातीत लोह असूनही मुळांना ते उचलता येत नाही. आधी कुजलेलं खत वाढवा आणि पाणी बदला. तेवढ्याने तीन आठवड्यांत फरक पडला नाही तर एक लिटर पाण्यात 2 ग्रॅम फेरस सल्फेट आणि लिंबाचे चार थेंब घालून संध्याकाळी एकदाच फवारा. त्यानंतर आठ दिवस पानं खाऊ नका, पुढे धुऊन घ्या. आधी जुनी, खालची पानं पिवळी पडत असतील तर गोष्ट वेगळी: तिथे नत्र कमी आहे, मूठभर गांडूळ खत पुरे.

खत जास्त घातलं तर पानं जास्त येतील ना?

येतील. तळहाताएवढी येतील आणि वास निम्मा होईल. भरपूर नत्र मिळालेलं झाड भराभर वाढतं, पण पान पाणचट होतं आणि मावाही त्याच्यावरच आधी बसतो. तीन आठवड्यांनी एक मूठ गांडूळ खत, बस.

कापायची कधी आणि कुठून?

रोप 15-20 सेंटीमीटरचं झालं, पानांच्या चार-पाच जोड्या दिसल्या की पहिली कापणी. वरून खाली बघा: प्रत्येक जोडीच्या बेचक्यात, पान आणि दांडा जुळतात तिथे, जिऱ्याएवढे दोन कोंब दडलेले असतात. खालून तिसऱ्या जोडीच्या अर्धा सेंटीमीटर वर दांडा कात्रीने कापा. शेंडा गेला की ते दोन कोंब जागे होतात आणि एका दांड्याचे दोन दांडे होतात. दहा-बारा दिवसांनी त्या दोघांना तसंच कापा: चार. पुढच्या खेपेला आठ. महिन्या-दीड महिन्यात सरळसोट काडीचं गोल झुडूप होतं.

याउलट आपण काय करतो? शेंडा जपायचा म्हणून खालची मोठी पानं तोडतो. त्याने झाड वर उंच, खाली उघडंबोडकं होतं आणि लगेच मंजिरीवर येतं. खालची पानं म्हणजे झाडाची चूल, ती विझवायची नाही.

एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नका. अगदीच वाढून गेलं असेल तर निम्म्यावर आणता येतं, पण प्रत्येक फांदीवर पानांच्या निदान दोन जोड्या राहू द्या. नुसत्या तपकिरी, लाकडासारख्या दांड्यावर फूट येत नाही. सकाळी कापा, दुपारी पानं मलूल असतात आणि टिकतही नाहीत.

मंजिरी आली, आता काय?

लगेच खुडा, खालच्या पानांच्या एका जोडीसकट. मंजिरी पिकू दिली की झाडाचा सगळा जोर बियांकडे जातो, पानं लहान, कडवट आणि राठ होतात. खुडलेल्या कोवळ्या मंजिऱ्या फेकू नका, पानांबरोबर करीत जातात. मात्र शेवटी शेवटी एका झाडावर त्या ठेवा; मधमाश्यांना त्या फार आवडतात, आणि गच्चीवर दुधी-दोडका असेल तर फळधारणेला मदतच होते.

पानांवर कीड दिसते. औषध मारून ती पानं खायची कशी?

म्हणूनच पहिलं औषध पाणी. मावा, पांढरी माशी, लाल कोळी हे तिघे पानाच्या मागे राहतात. एका हाताने फांदी उलटी धरून पाइपच्या जोरकस धारेने मागची बाजू धुवा, तीन दिवसांनी पुन्हा. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत पानावर बारीक पांढुरके ठिपके आणि मागे कोळ्याचं जाळं दिसलं तर तो लाल कोळी. त्याला ओलावा अजिबात सोसत नाही, म्हणून धार याच्यावर सर्वात लागू पडते. न आवरल्यास एक लिटर पाण्यात 5 मिलिलिटर कडुनिंबाचं तेल आणि भांडी धुण्याच्या साबणाचे चार थेंब, ऊन उतरल्यावर. मग आठवडाभर पानं खाऊ नका. विषाची भीती सोडा, पण चव अशी कडू होते की अख्खी करी टाकावी लागते.

पावसाळ्यात पानं गुंडाळलेली आणि आत काळी विष्ठा दिसली तर अळी आहे. ते पान अळीसकट तोडा. पानाच्या वरच्या बाजूला शिरांमधे पिवळे पट्टे आणि मागे राखाडी-जांभळट बुरा दिसला तर केवडा रोग. लोक याला खताची कमतरता समजतात आणि तोवर तो शेजारच्या कुंडीत पोचतो. पान उलटून बघितलं की शंका राहत नाही. रोगट फांद्या कापून कचऱ्यात टाका, घरच्या खतात नको, आणि झाडं एकमेकांपासून हातभर लांब ठेवा.

चार माणसांना किती झाडं पुरतात?

आठवड्याला एकदा करी करणार असाल तर दोन-तीन. चांगलं भरलेलं झाड दहा-बारा दिवसांनी दोन मुठी पानं देतं.

शिजवताना वास उडून जातो. का?

कारण आपण ते फोडणीत टाकतो. कढीपत्त्याची सवय हाताला लागलेली असते. कढीपत्ता गरम तेलात खुलतो. बेसिलचा वास उडणाऱ्या तेलांचा, तो पाच मिनिटांच्या उकळीत जातो आणि मागे उरतं ते काळं पान. गॅस बंद करा, अख्खी पानं टाका, एकदा ढवळा, झाकण ठेवा, दोन मिनिटांनी वाढा. सुरीने बारीक चिरू नका. कापलेली कड काळी पडते. फार मोठं पान असेल तर हाताने दोन तुकडे पुरेत.

इटालियन बेसिलच्या मानाने हे पान उष्णता जास्त सोसतं, म्हणून परतलेल्या भाजीत शेवटची तीस सेकंदं चालतं. त्याहून जास्त नाही.

शाकाहारी हिरवी करी इंदूरच्या बाजारातल्या वस्तूंत होते का?

होते. चार जणांसाठी असं करा.

वाटण: 8 ते 10 हिरव्या मिरच्या, 7 लसूण पाकळ्या, एक लहान कांदा, 2 सेंटीमीटर आलं, गवती चहाच्या 8-10 काड्यांचा फक्त बुडाचा पांढरा भाग, एका लिंबाच्या सालीचा हिरवा कीस, एक चमचा धणे, अर्धा चमचा जिरे आणि अर्धा चमचा पांढरे मिरे (तिन्ही कोरडे भाजून), अर्धा चमचा मीठ. आणि कोथिंबिरीची मुळं. मंडीतून मुळांसकट जुडी आणली की आपण मुळं कापून फेकतो. या वाटणाचा कणा तीच आहेत. सात-आठ मुळं खरवडून, माती धुऊन घ्या.

गवती चहाचं पातं वाटणात घालू नका, कितीही वाटलं तरी दोरा होऊन घशात अडकतं. ते करीत गाठ मारून टाका आणि वाढताना काढा. थाई लोक आल्याऐवजी गलांगल आणि लिंबाच्या सालीऐवजी मक्रूट लिंबाची साल घेतात. गच्चीवर कागदी लिंबू असेल तर त्याची दोन कोवळी पानं घाला, चव बरीच जवळ जाते. वाटण खलबत्त्यात झालं तर उत्तम. मिक्सरमध्ये पाण्याऐवजी नारळाच्या दुधाचे दोन चमचे घालून फिरवा.

एक मोठा नारळ खवून एक वाटी कोमट पाण्यात वाटून पिळा: हे दाट दूध. त्याच चोथ्यात दीड वाटी पाणी घालून पुन्हा पिळा: हे पातळ.

कढईत दाट दुधाचा निम्मा भाग मध्यम आचेवर आटवा, पाच-सात मिनिटांत कडेने तेल सुटतं. ते सुटल्याशिवाय वाटण घालायचं नाही, नाहीतर कच्च्या लसणाचा वास शेवटपर्यंत राहतो. डब्याचं दूध असेल तर कधीकधी तेल सुटतच नाही, त्यात दूध फुटू न देणारी स्थिरकं असतात. तेव्हा सरळ एक चमचा तेल घाला. वाटण तीन-चार मिनिटं परता. मग पातळ दूध, चार फोडी केलेली लहान हिरवी वांगी, अर्धी वाटी मटार, पावसाळ्यात कोवळ्या भुट्ट्याचे दाणे. वांगी शिजली की 200 ग्रॅम टोफू. सोयाबीनच्या मुलखात राहतो तर पनीरचा हट्ट का? टोफू रस पितो, पनीर पीत नाही. एक चमचा सोया सॉस, अर्धा चमचा गूळ, उरलेलं दाट दूध. एक हलकी उकळी, गॅस बंद, मग 25-30 बेसिलची पानं. सोबत साधा मोकळा भात. पोळीबरोबर ही करी पांगते.

रंग फिका आला तर वाटणात मूठभर कोथिंबिरीची पानं वाढवा. मिरच्या वाढवून रंग आणायला जाऊ नका.

बेसिल घालून मिरची-लसणाचं ते परतलेलं थाई जेवण, त्यात हेच पान असतं ना?

नाही. फाट क्रफाओ नावाच्या त्या पदार्थात क्रफाओ म्हणजे आपल्या तुळशीच्याच जातीचं पान असतं. बऱ्याच घरांत तुळस कढईत टाकणं मनाला पटणार नाही, ते समजण्यासारखं आहे. थाई बेसिल घालून केलं तर पदार्थ गोडसर होतो, वाईट नाही, फक्त नाव वेगळं. तेलात पाच लसूण पाकळ्या आणि चार मिरच्या ठेचून परता, लांब वांग्याच्या तळलेल्या फोडी, एक चमचा सोया सॉस, चिमूटभर साखर, शेवटी मूठभर पानं. वांग्याशी या पानाचं जसं जमतं तसं दुसऱ्या कुठल्या भाजीशी नाही.

आपल्या रोजच्या स्वयंपाकात कुठे चालतं?

इंदुरी पोह्यांत. इथल्या पोह्यांत बडीशेप असतेच, म्हणून वास परका वाटत नाही. वाढताना ताटलीत चार-पाच पानं हाताने तोडून, शेवेच्या आधी. जिरावण (पोह्यांवर भुरभुरायचा मसाला) मात्र त्या दिवशी कमी, नाहीतर पान ऐकूच येत नाही. लिंबाच्या सरबतातही छान: चार पेल्यांना 12 पानं चमच्याने नुसती चेचून दहा मिनिटं ठेवा, गाळा, आणि भिजवलेला सब्जा घाला. एकाच जातीचं पान आणि बी एका पेल्यात.

गोडा मसाला, चिंच-गुळाची आमटी, कढी यांत नको. दोन सुगंध भांडतात.

तोडलेली पानं फ्रिजमध्ये काळी पडतात. ठेवायची कुठे?

फ्रिजबाहेर. 10 अंशांखाली ही पानं थंडीने भाजतात. दांड्यासकट जुडी पेल्यात पाण्यात उभी करा, वर पिशवी सैल पालथी घाला, ओट्यावर ठेवा; पाच-सहा दिवस राहते. जास्तच असतील तर पानं तेलात वाटून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. वाळवलेलं थाई बेसिल घेऊ नका, करूही नका, वास राहत नाही.

औषध म्हणून रोज काढा घेतला तर?

जेवणातली पानं म्हणजे भाजी, ती निर्धास्त खा. त्याच्या सुगंधी तेलाचे थेंब पोटात घेणं किंवा रोज कडक काढा पिणं हा वेगळा विषय आहे, विशेषतः गरोदर स्त्रियांसाठी. ते डॉक्टरांना विचारून.

पुढच्या वर्षीसाठी बी धरता येतं का?

येतं. ऑक्टोबरमध्ये सर्वात चांगल्या झाडावर मंजिऱ्या राहू द्या. जवळ इटालियन बेसिल किंवा सब्जा फुललेला असेल तर मधमाश्या संकर करतात आणि पुढचं झाड धड हे ना ते होतं. त्यांच्या मंजिऱ्या त्या महिन्यात खुडत राहा. तुळशीची भीती नको, ती जात वेगळी. मंजिरी खालून दोन-तृतीयांश तपकिरी झाली की कापा, कागदी पिशवीत उलटी टांगून आठ दिवस वाळवा, तळहातावर चोळा आणि सुपात फुंकर मारून फोलपटं उडवा. काळं, टपोरं बी खाली राहतं. कागदाच्या पुडीत, त्यावर वाण आणि वर्ष लिहून, कोरड्या डब्यात ठेवा. डबा गॅसच्या वरच्या फळीवर नको. तिथल्या उष्णतेने बी लवकर मरतं.